एनव्हीडीए कार्यालयात आणताना: सॉफ्टवेअर फुकट, खर्च दुसरीकडेच

दृष्टिहीन उमेदवाराला कामावर घ्यायचं ठरलं की व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, केवढ्याला पडेल? एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या बाबतीत हा विषय एका शब्दात संपतो. फुकट. कितीही संगणकांवर, धंद्याच्या वापरालासुद्धा. मायकल करन यांनी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात हे सुरू केलं, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघंही स्वतः दृष्टिहीन. आज एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था ते सांभाळते आणि परवाना जीपीएलचा आहे, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं असा. तरीही खर्च होतोच. तो आपल्याच प्रणाली तपासण्यात आणि माणसं शिकवण्यात होतो. तो आधी केला नाही तर नवा कर्मचारी रुजू झाल्यावर आयटीवाल्यांची वाट बघत बसतो आणि ठपका मात्र त्याच्या वेगावर येतो. म्हणून या परीक्षणात सॉफ्टवेअरच्या गुणदोषांइतकीच जागा त्याच्या भोवतीच्या तयारीला दिली आहे.

बसवण्यापासून सुरुवात करू. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रतही काढता येते, पेनड्राइव्हवरून चालते, आणि ॲडमिनचा पासवर्ड मागावा लागत नाही म्हणून बऱ्याच कचेऱ्यांत तिच्यावरच भागवलं जातं. हे करू नये. पोर्टेबल प्रतीला विंडोजचा 'परवानगी देता का?' हा पडदा वाचता येत नाही, लॉगिनच्या पडद्यावर ती चालत नाही, आणि ॲडमिन अधिकारानं उघडलेल्या प्रोग्रॅमपुढे ती मुकी होते. सकाळी संगणक सुरू करून पासवर्ड टाकायलाच शेजाऱ्याला बोलवावं लागलं तर समावेशन तिथेच संपलं. रीतसर इन्स्टॉल करा, 'साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरा' ही खूण करा, आणि कंट्रोल-ऑल्ट-एन हा शॉर्टकट राहू द्या. बंद पडलं तर तोच तारतो. अँटीव्हायरस आणि प्रोग्रॅम अडवणारं धोरण यांतून एनव्हीडीएला आधीच सूट द्या. आवाजाचा वेग वगैरे सेटिंग लॉगिनच्या पडद्यावरही तीच हवी असेल तर जनरल सेटिंगमध्ये तसं बटण आहे. मात्र ते दाबण्याआधी ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तपासा, कारण तीही सोबत कॉपी होतात आणि तिथे त्यांना संगणकाचे वरच्या दर्जाचे अधिकार मिळतात. एनव्हीडीए स्वतः याबद्दल इशारा देतं. तो न वाचता 'ओके' दाबणारे आयटीवाले पुष्कळ.

पहिल्यांदा उघडल्यावर एक स्वागताची खिडकी येते. तिथे कीबोर्डची मांडणी डेस्कटॉप की लॅपटॉप हे विचारतात, आणि कॅप्स लॉकला एनव्हीडीएची कळ करायची का तेही. ही कळ इतर कळांसोबत धरून आज्ञा द्यायच्या असतात; पुढे 'एनव्हीडीए-पी' म्हटलं की ती धरून पी दाबायचं. मूळ कळ इन्सर्ट. अलीकडच्या लॅपटॉपवर ती एक तर नसते किंवा एफएनच्या आड दडलेली असते, त्यामुळे कॅप्स लॉकची खूण जवळपास सक्तीची समजा. कीबोर्ड खास लागत नाही. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे झिजलेले नसले म्हणजे झालं.

आवाजाबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. विंडोज १० पासून पुढे एनव्हीडीए मुळात विंडोजचेच आवाज वापरतं. ते कानाला गोड लागतात. सोबत ईस्पीक एनजी नावाचा आवाजही येतो, जो ऐकून डोळस सहकारी तोंड वाकडं करतात. पण ईस्पीक कळ दाबताक्षणी बोलतो, भरधाव वेगातही शब्द चुरगाळत नाही, आणि त्यात मराठी आहे. दिवसभर आकडे आणि नावं ऐकणाऱ्याला गोडव्यापेक्षा हे तिन्ही गुण जास्त उपयोगी. मराठी-इंग्रजी सरमिसळ असलेल्या कामात अडचण अशी येते की काही इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर सरळ गाळून टाकतात. ओळ रिकामी आहे असं वाटतं आणि माणूस पुढे जातो. वेबपानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तर भाषा आपोआप बदलू शकते, पण ही नोंद करायचं कंपन्यांच्या आतल्या पोर्टलवाल्यांच्या ध्यानात क्वचितच येतं. त्यावर उपाय म्हणजे कॉन्फिगरेशन प्रोफाइल: एनव्हीडीए-कंट्रोल-पी दाबून प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळं सेटिंग बांधता येतं. मराठी पत्रव्यवहाराच्या प्रोग्रॅमला मराठी ईस्पीक, बाकीच्यांना जो आवडेल तो.

याच प्रोफाइलचा दुसरा उपयोग हिशेबाच्या कामात आहे, आणि तो बहुतेक प्रशिक्षक सांगत नाहीत. विरामचिन्हं किती बोलायची याच्या पातळ्या असतात. मूळ पातळी 'काही' ही असते आणि तिच्यात डॅश व कंस उच्चारले जात नाहीत. हिशेबात उणे रक्कम कंसात लिहायची पद्धत आहे. म्हणजे (५,०००) ही तूट कानाला पाच हजार शिल्लक म्हणून ऐकू येते. रक्कम लाल रंगात असली तरी फरक नाही, कारण रंग सांगण्याची सोय मुळात बंद असते. हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या प्रोफाइलमध्ये पातळी 'बहुतेक' वर न्या. एनव्हीडीए-पी दाबत गेलं की पातळी बदलते. बिल क्रमांकातले डॅशही मग ऐकू येतात. या एका सेटिंगअभावी झालेली चूक 'दिसत नाही ना, म्हणून' या खात्यात जमा होते, जे साफ चुकीचं आहे.

आता मराठी कचेऱ्यांचं जुनं दुखणं. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली. डोळ्याला देवनागरी दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो, फॉन्टचा मुखवटा त्याला दिसत नाही. त्यामुळे 'विषय: रजेचा अर्ज' या ओळीच्या जागी निरर्थक अक्षरांची बडबड ऐकू येते. यावर एनव्हीडीएत कुठलंही सेटिंग नाही. कोणी 'ॲड-ऑन टाकून देतो' म्हणाला तर त्याला आधी तुमचीच एक फाइल वाचून दाखवायला सांगा. मार्ग एकच: फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करणं आणि नव्या फाइली युनिकोडमध्येच करण्याचा नियम घालणं. रूपांतरात जोडाक्षरं, रफार आणि र्‍हस्व वेलांटीची जागा या तीन ठिकाणी हमखास गडबड होते, म्हणून एकदा डोळस माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या. सगळा दप्तरखाना एकदम बदलायला जाऊ नका. त्या पदाला रोज लागणारे पत्रांचे नमुने, दरपत्रकं आणि परिपत्रकं आधी, बाकीचं मागेल तसं.

स्कॅन केलेल्या कागदांचं गणित वेगळं आहे. एनव्हीडीए-आर दाबलं की विंडोजच्या ओसीआरनं समोरच्या चित्रातला मजकूर ओळखला जातो. इंग्रजी छापील मजकुरावर काम भागतं. देवनागरी स्कॅनवर त्याच्या भरवशावर राहू नये. त्यासाठी टेसरॅक्टसारखं मराठी येणारं ओसीआर वेगळं ठेवावं. हाताने लिहिलेले अर्ज असतील तर ते वाचून घ्यायला माणूसच लागतो, आणि तो कोण, किती वाजता, हे आधीच ठरलेलं बरं.

वर्ड आणि पीडीएफमध्ये दोन सवयी बदलल्या की निम्मं काम होतं. शीर्षकाला ठळक करून सोडू नका, हेडिंगची स्टाइल द्या. मग एनव्हीडीए-एफ७ नं मथळ्यांची यादी उघडते आणि चाळीस पानांच्या अहवालात हवं तिथं जाता येतं. पीडीएफ करताना 'प्रिंट'मधून करू नका, 'सेव्ह ॲज'मधून करा. प्रिंटमधून केलेल्या पीडीएफमध्ये मथळे, तक्ते, चित्रांची वर्णनं या सगळ्या खुणा पुसल्या जातात आणि मजकुराचा एक सलग ढिगारा उरतो. एक्सेलमध्ये शत्रू म्हणजे मर्ज केलेले सेल. शोभेसाठी जोडलेले सेल ओलांडताना कुठल्या स्तंभात आहोत हेच हरवतं. मथळ्याच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर एनव्हीडीए-शिफ्ट-सी दाबलं की स्तंभांची नावं आकड्यासोबत बोलली जातात. ही खूण फाइलमध्येच साठते आणि जॉझ हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही मिळते, त्यामुळे तक्ता करणाऱ्यानं ती एकदा घातली की पुढच्या सगळ्यांची सोय होते.

वेबवर एनव्हीडीए उत्तम आहे, पण शिकाऊ माणूस अडखळतो तो इथेच. ब्राउझ आणि फोकस अशा दोन अवस्था असतात. ब्राउझमध्ये एच दाबलं की पुढचा मथळा, के म्हणजे दुवा, टी म्हणजे तक्ता, बी म्हणजे बटण. फॉर्ममध्ये लिहायचं तर फोकस हवा, नाहीतर नाव टाइप करायला जावं आणि पानभर उड्या माराव्यात असं होतं. बदल होताना बारीकसा आवाज येतो. एनव्हीडीए-स्पेसनं हातानंही बदलता येतं. बटणांना नाव न देणारे पोर्टल असतील तर 'बटण, बटण, बटण' एवढंच ऐकू येतं. यात एनव्हीडीएचा दोष नाही, बनवणाऱ्याचा आहे, आणि दुरुस्ती बहुतेक वेळा किरकोळ असते.

मोठा पेच कंपनीच्या आतल्या सॉफ्टवेअरचा. जुना हिशेबाचा प्रोग्रॅम, हजेरीचं यंत्र, गोदामाची नोंद. असे प्रोग्रॅम आपली बटणं स्वतः रंगवतात आणि विंडोजला त्यांची माहिती देत नाहीत. एनव्हीडीएकडे मग सांगायला काही नसतंच: 'पेन' किंवा 'अननोन' म्हणून ते गप्प. हे रुजू होण्याच्या दिवशी कळू नये यासाठी एक तपासणी आहे, जी डोळस माणूसही करू शकतो. त्या पदाची रोजची पाच-सहा कामं लिहून काढा: लॉगिन, ओटीपी, नोंद भरणं, फाइल जोडणं, अहवाल काढणं, रजा टाकणं. माउस काढून बाजूला ठेवा. फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, बाण, स्पेस, एंटर आणि एस्केप यांवर प्रत्येक काम शेवटपर्यंत नेऊन बघा. नंतर एनव्हीडीए चालू करून त्याच्या टूल्स मेनूतला 'स्पीच व्ह्यूअर' उघडा; जे बोललं जातं ते तिथे लिहून येतं, म्हणजे कान तयार नसले तरी चालतं. जिथे टॅब पोचत नाही किंवा नाव लिहून येत नाही ती जागा टिपा. ही यादी हीच प्रणालीवाल्याला द्यायची तक्रार. चित्रातली अक्षरं ओळखा म्हणणारा कॅप्चा आणि काही सेकंदांत मावळणारा ओटीपी हे दोन अडसर यादीत नेहमी सापडतात.

दूरच्या सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम असेल तर आणखी एक मेख. रिमोट डेस्कटॉपची खिडकी ही कर्मचाऱ्याच्या संगणकाच्या लेखी नुसतं चित्र असतं. एनव्हीडीए त्या पलीकडच्या यंत्रावरही बसवावं लागतं आणि आवाज अलीकडे पाठवायचं सेटिंग चालू लागतं. सर्व्हर सांभाळणारे याला पहिल्यांदा नाही म्हणतात. परवानगीचं पत्र आधी काढून ठेवा.

भरतीच्या परीक्षेचाही उल्लेख करायला हवा. ऑनलाइन परीक्षेत पहारा ठेवणारी सॉफ्टवेअरं इतर कुठलाही प्रोग्रॅम चालू दिसला की परीक्षा बंद करतात, आणि स्क्रीन रीडर त्यांना 'इतर प्रोग्रॅम'च वाटतो. उमेदवार अशा वेळी प्रश्न ऐकायच्या आधीच बाद होतो. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला एनव्हीडीए चालतं का हे लेखी विचारा, आणि चाचणीची एक फेरी आधी द्या.

फोनवरच्या कामात आवाजाची वाटणी लागते: एका कानात ग्राहक, दुसऱ्यात एनव्हीडीए. दोन वेगळी ध्वनी-उपकरणं ठेवून एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एक नेमून द्या. ब्लूटूथ हेडसेट टाळा. तो पहिलं अक्षर खातो, आणि माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा घसरतो. तारेचा किंवा यूएसबीचा साधा हेडसेट जास्त भरवशाचा. ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या उंचवट्यांत उमटवणारं यंत्र) वापरणाऱ्यांसाठी मराठी ब्रेलचा तक्ता आत आहे. पण डिस्प्ले हे यंत्र महाग, ते माणसाच्या सवयीवरून ठरवायचं.

गोपनीयतेसाठी 'स्क्रीन कर्टन' ही छान सोय आहे. एनव्हीडीए-कंट्रोल-एस्केप दाबलं की पडदा काळा होतो आणि काम चालूच राहतं. पगारपत्रकावर काम करताना मागून कोणी डोकावू शकत नाही. (ही सोय ठाऊक नसलेला आयटीवाला मॉनिटर बदलायला घेतो, एवढाच तोटा.) २०२५.१ या आवृत्तीपासून रिमोट ॲक्सेसही आतच आलं आहे. दोन्ही टोकांना एनव्हीडीए असलं की प्रशिक्षक दूर बसून कर्मचाऱ्याचा संगणक ऐकू आणि चालवू शकतो. शिकवायला अप्रतिम, पण याचा अर्थ बाहेरच्या माणसाच्या हाती पूर्ण कीबोर्ड. ग्राहकांची माहिती उघडी असताना हे वापरू नये, आणि कोणाला केव्हा जोडू द्यायचं याचा नियम कागदावर असावा.

आता प्रशिक्षण देणाऱ्या स्थानिक सेवांबद्दल, कारण खरा पैसा इथेच जातो. बाजारात दोन प्रकार दिसतात. एक, सगळ्या कर्मचाऱ्यांना सभागृहात बसवून अर्ध्या दिवसाची 'संवेदना कार्यशाळा'. तिचं ठरलेलं आकर्षण म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावणं. हा खेळ नाकारा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पट्टी बांधून बघितलेल्यांनी दृष्टिहीन माणसांची कामाची आणि स्वतंत्र राहण्याची क्षमता कमी धरली. कारण उघड आहे: पट्टी बांधलेल्याला मिळतो तो अचानक आलेल्या अंधाराचा पहिला गोंधळ; वर्षानुवर्षं कमावलेलं कौशल्य त्याच्या वाट्याला येतच नाही. बाहेर पडताना मनात दया असते, सहकाऱ्याबद्दलचा भरवसा नसतो.

दुसरा प्रकार कामाच्या जागी येऊन शिकवणाऱ्यांचा. पैसे यांच्यावर खर्च करा, पण आधी चार गोष्टी विचारा. प्रशिक्षक स्वतः रोज स्क्रीन रीडर वापरतो का? आमचा प्रोग्रॅम आधी येऊन तपासणार का? कळांचा तक्ता आमच्या कामाप्रमाणे करून ब्रेलमध्ये किंवा वाचता येईल अशा फाइलमध्ये देणार का? आणि दीड-दोन महिन्यांनी परत येणार का? चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. पहिल्या आठवड्यात माणूस शिकवलेल्या वाटेनं जातो. नंतर अहवालाचा नमुना बदलतो, पोर्टल नवं येतं, आणि वाट बंद होते.

शिकवायचं कोणाला, हाही हिशेब नीट बसवा. कर्मचाऱ्याला एनव्हीडीए बहुधा येतच असतं. त्याला तुमची प्रणाली शिकवायची असते. एका वर्गाला दीड तास पुरे, प्रत्येक वर्गात एकच काम, आणि लगेच तेच काम खऱ्या नोंदींवर. आयटीतल्या एकाला इन्स्टॉल, प्रोफाइल आणि स्पीच व्ह्यूअर. नमुने आणि तक्ते करणाऱ्याला हेडिंग, पीडीएफ आणि मर्ज न करणं. वरिष्ठाला एवढंच की काम सांगताना 'इथे', 'त्या हिरव्या चौकोनात' असं न म्हणता बटणाचं नाव घ्यायचं, आणि स्क्रीनशॉटऐवजी मजकूर पाठवायचा. हा शेवटचा वर्ग अर्ध्या तासात होतो आणि त्याचा परिणाम रोज दिसतो.

जॉझशी तुलना टळत नाही. जॉझ विकतचं आहे, त्यामागे कंपनीचा आधार आहे, आणि आडमुठ्या जुन्या प्रोग्रॅमसाठी त्याच्यात स्क्रिप्ट, म्हणजे त्या प्रोग्रॅमशी जुळवून घेणाऱ्या खास सूचना, लिहिण्याची जुनी, पक्की परंपरा आहे. वरच्या तपासणीत मुख्य प्रोग्रॅमच मुका निघाला आणि तो बदलणं शक्य नसेल, तर जॉझ आणि स्क्रिप्ट लिहिणारा माणूस यांचा दर मागवा. उमेदवाराला जॉझचीच सवय असेल तरीही ते घ्या. फुकटचं आहे म्हणून हात बदलायला लावू नका. बाकी वर्ड, एक्सेल, ईमेल आणि ब्राउझर एवढ्यावर काम असेल तर एनव्हीडीए पुरून उरतं. विंडोजसोबतच येणारा स्क्रीन रीडर, नॅरेटर, विंडोज-कंट्रोल-एंटरनं चालू होतो. मुख्य साधन म्हणून तो तोकडा पडतो, पण एनव्हीडीए उघडत नसेल तेव्हा ते परत सुरू करण्यापुरता सोबती म्हणून सगळ्यांना ठाऊक असावा. नवा प्रोग्रॅम विकत घेताना विक्रेत्याकडून सुगम्यतेचा अहवाल, ज्याला धंद्यात व्हीपॅट म्हणतात, तो मागा; आणि तो आल्यावरही माउस बाजूला ठेवून करायची तपासणी चुकवू नका, कारण हा अहवाल विक्रेता स्वतःच भरतो.

अपडेटचं एक शेवटचं. एनव्हीडीएच्या वर्षाला काही आवृत्त्या येतात, आणि वर्षातली पहिली, म्हणजे नावात '.१' असलेली, ॲड-ऑनची सुसंगतता मोडते. त्या दिवशी अपडेट केलं तर कामाचं ॲड-ऑन बंद पडलेलं आढळतं. संबंधित ॲड-ऑनची नवी आवृत्ती आली आहे का हे ॲड-ऑन स्टोअरमध्ये बघून, एका दुसऱ्या संगणकावर वरचीच पाच-सहा कामं करून, मग अपडेट करा. चालू आवृत्तीची पोर्टेबल प्रत एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. रोजच्या वापराला ती अपुरी असली तरी अपडेट फसलेल्या दुपारी काम अडत नाही.